रक्कम खरी, पण खाते कोणते?
परग्रहवासीयांनी उचलून नेल्याचे दावे आणि आपल्या घरातील रात्री



मागच्या कोजागिरीला मंडळाच्या अंगणात दूध आटत होते. तेव्हा आपल्या एका सभासदाच्या नातवाने आम्हाला बाजूला नेले. हैदराबादला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, हुशार आणि अबोल मुलगा. म्हणाला, "आजोबा, हसणार नसाल तर एक सांगतो."

पहाटे त्याला जाग आली तेव्हा हातपाय हलेनात. ओरडावे म्हटले तर आवाज फुटेना. छातीवर दडपण आले होते आणि पलंगाच्या पायथ्याशी करड्या रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे कोणीतरी उभे होते. महिन्यात तीनदा असे झाले. मोबाइलवर शोधल्यावर त्याला दिसले की अमेरिकेत पुष्कळ लोक असेच सांगतात, आणि आपल्याला परग्रहवासीयांनी उचलून नेले असे मानतात. घरी आजीने ऐकले, ती म्हणाली मुंजा. खोलीवरचा तेलुगू मित्र म्हणाला दय्यम. एकाच अनुभवाला तीन नावे मिळाली. मुलाने आम्हाला विचारले, "यातले खरे कोणते?"

त्या रात्री आम्ही दिलेले उत्तर तोकडे होते. नंतर या विषयावर बरेच वाचन केले. त्या मुलाच्या संमतीने, नाव न देता, ते येथे मांडत आहोत.

हे दावे सुरू कोठून झाले

या प्रकारचा सर्वांत गाजलेला दावा अमेरिकेतील बेटी आणि बार्नी हिल या दांपत्याचा. १९ सप्टेंबर १९६१ च्या रात्री ते कॅनडाहून मोटारीने न्यू हॅम्पशायरमधील आपल्या घरी परतत होते. वाटेत आकाशात एक दिवा आपल्या मागे येत आहे असे त्यांना वाटले. घरी पोचायला अपेक्षेपेक्षा बराच उशीर झाला आणि मधल्या वेळेचा हिशेब लागेना. काही दिवसांनी बेटीला लागोपाठ स्वप्ने पडू लागली. त्यांत अनोळखी जीव दोघांना यानात नेऊन तपासत होते. पुढे १९६४ मध्ये बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहनाखाली प्रश्न विचारले, तेव्हा यानाची सगळी हकीगत बाहेर आली. १९६६ मध्ये त्यावर पुस्तक निघाले आणि ही कथा घरोघरी पोचली.

डॉ. सायमन यांचे मत मात्र फारसे कोणी लक्षात ठेवले नाही. दोघांची भीती खरी आहे, पण यानातील प्रसंग हा बेटीच्या स्वप्नांतून आलेला आहे आणि तिच्याकडून ऐकून बार्नीच्याही मनात उतरला आहे, असे त्यांना वाटत होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बार्नी कृष्णवर्णीय होते, बेटी गोऱ्या. १९६१ च्या अमेरिकेत अशा जोडप्याने रात्री निर्जन रस्त्याने जाणे म्हणजे मनात धास्ती असणारच.

यानंतर अशा हकीगती वाढत गेल्या. १९८७ मध्ये लेखक व्हिटली स्ट्रीबर यांचे स्वानुभवाचे पुस्तक प्रचंड खपले. करडा रंग, मोठे डोके, काळे डोळे हे रूप चित्रपट आणि दूरचित्रवाणीतून ठरून गेले. आज आपल्या नातवंडांनाही ते पाठ आहे.

विद्वानांचा वाद

लोक खोटे बोलतात की वेडे आहेत, एवढाच हा वाद असता तर तो केव्हाच मिटला असता. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जॉन मॅक यांनी अशा अनेकांशी दीर्घकाळ बोलून १९९४ मध्ये पुस्तक लिहिले. ही माणसे मनोरुग्ण नाहीत, त्यांना प्रसिद्धीही नको असते, आणि तरी त्यांचे आयुष्य या अनुभवाने बदलून जाते, असा त्यांचा मुद्दा होता. आपले विज्ञान ज्या चौकटीत विचार करते ती चौकटच अपुरी असेल, इथपर्यंत ते गेले. विद्यापीठाने त्यांच्या कामाची चौकशी केली, पण शेवटी त्यांचे संशोधनस्वातंत्र्य मान्य केले.

त्याआधीच दुसऱ्या काहींनी प्रश्न निराळ्या बाजूने घेतला होता. मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९५८ मध्ये उडत्या तबकड्यांवर लिहिताना, त्या खऱ्या आहेत का यापेक्षा माणसाला त्या का दिसतात, हे विचारले. जाक व्हॅली यांनी १९६९ मध्ये दाखवले की युरोपातील जुन्या लोककथांत पऱ्या आणि बुटके माणसे जसे माणसाला नेत, वेळेचे भान हरपवत आणि परत आणून सोडत, तशाच या नव्या कथा आहेत. आपल्याकडे चकवा लागून रात्रभर शेताभोवती फिरलेल्या माणसाची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला हे पटायला वेळ लागणार नाही.

तिसरी बाजू प्रयोग करणाऱ्यांची. हार्वर्डच्याच रिचर्ड मॅकनॅली आणि सुसान क्लॅन्सी यांनी असे दावे करणाऱ्यांना त्यांची स्वतःची हकीगत ऐकवून हृदयाचे ठोके आणि घाम मोजला. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठा आघात सोसलेल्या माणसाचे शरीर जसे थरथरते तसेच यांचे थरथरत होते. म्हणजे भीतीची तीव्रता हा घटनेचा पुरावा होत नाही, ती फक्त विश्वासाची खोली दाखवते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रयोगात २४ जणांना "लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होता" अशी न घडलेली आठवण सुचवली गेली. सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती थोडीफार "आठवली". संमोहनाखाली सुचवलेली गोष्ट तर अधिकच सहज आठवण होऊन बसते.

झोपेत काय होते

स्वप्नाच्या झोपेत मेंदू जागा असल्यासारखा काम करतो, पण स्वप्नातले धावणे प्रत्यक्षात होऊ नये म्हणून शरीराचे स्नायू सैल पडतात. कधीकधी भान आधी येते आणि स्नायू मागे राहतात. काही सेकंद किंवा एकदोन मिनिटे माणूस जागा असतो, खोली दिसते, पण हलता येत नाही आणि स्वप्नही पुरते सरलेले नसते. श्वास अपुरा वाटतो, छातीवर भार येतो, खोलीत कोणी असल्याची खात्री वाटते. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी हा अनुभव येतो, आणि विद्यार्थ्यांत तर सुमारे २८ टक्क्यांना. अपुरी झोप, अवेळी झोप, ताण आणि उताणे झोपणे यांनी तो वाढतो.

जपानात याला कानाशिबारी म्हणतात. न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण छातीवर बसते, आपल्याकडे मुंजा. शरीरात घडते ते सगळीकडे एकच, त्याला नाव मात्र प्रत्येक जण आपल्या गावचे देतो.

याने सगळे दावे उलगडतात असे नाही. हिल दांपत्य अंथरुणात नव्हते, रस्त्यावर होते. तेथे थकवा, भीती, स्वप्ने आणि संमोहन यांची बेरीज करावी लागते. पण अंथरुणातून नेल्याच्या हकीगतींना हे स्पष्टीकरण फार जवळून लागू पडते.

आकाशाचा प्रश्न वेगळा

येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. दुसरीकडे जीव आहे का, हा एक प्रश्न. आपल्या खोलीत आला होता का, हा दुसरा. पहिला प्रश्न विज्ञान मनापासून विचारते. आपल्या मराठीत विज्ञानकथा लिहिणारे डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून मोठे फुगे सोडून, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले. ते अवकाशातून आले असा दावा मात्र त्यांनी केला नाही. उत्सुकता किती ठेवावी आणि कोठे थांबावे याचा हा धडा आहे. अंतरही पाहावे. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला १७ किलोमीटर जाणाऱ्या व्हॉयेजर यानाच्या वेगाने तेथे पोचायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील.

आकाशात काही दिसले तर ते तपासता येते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. महाराष्ट्राच्या आकाशात जळते गोळे ओळीने गेले आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे लोखंडी दिसणारे कडे पडले. तर्क पुष्कळ झाले. पण कडे हाताशी होते, वेळ नोंदलेली होती. हे चीनच्या २०२१ मध्ये उडालेल्या अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे खगोलतज्ज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात विकाराबाद जिल्ह्यात शेतात उतरलेली मोठी कुपी पाहायला गर्दी लोटली होती. तीही हैदराबादहून सोडलेल्या फुग्याचीच निघाली.

आमचा स्वतःचा हिशेब

हे सगळे शहाणपण आम्हाला आज आहे. १९८४ मध्ये नव्हते. तेव्हा बँकांचे वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. तालुक्याच्या शाखेत आम्ही नवे अधिकारी होतो, क्लोजिंगसाठी तीन रात्री जेमतेम झोप झाली होती. चौथ्या पहाटे भाड्याच्या खोलीत आम्हाला तेच झाले जे त्या मुलाला झाले. दारात कोणी उभे, छातीवर भार, तोंडून शब्द नाही.

घरमालकीण आजींनी मागच्या पिंपळावरचा मुंजा सांगितला. तेथेच थांबले असते तर कोणाचे बिघडले नसते. पण गल्लीतल्या एकाने विचारले, "काल कोणाच्या घरचे काही खाल्ले का?" आदल्या दिवशी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या विधवा बाईंनी आम्हाला तांब्याभर ताक दिले होते. आम्ही ते सांगितले. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही बी. कॉम. झालेले, बँकेत अधिकारी. "तसे काही नसावे" एवढे तीन शब्द बोलायला हवे होते. बोललो नाही. पुढे बाईंनी दोनदा ताक आणले, दोनदा आम्ही नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. हळूहळू गल्लीतल्या हळदीकुंकवालाच नव्हे, दळण दळायलाही त्यांच्याबरोबर कोणी जाईना. सहा महिन्यांनी आमची बदली झाली.

आपल्या पट्ट्यात भानामती, चेतबडी हे शब्द कोणत्या थराला जातात हे आपल्याला माहीत आहे. तेलंगणात, विदर्भात आणि मराठवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या प्रश्नावर आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला.

म्हणून या वादाचा अर्थ आम्हाला असा लागतो. बँकेत एखादी रक्कम आली आणि ती कोणाची हे कळत नसेल तर ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. रक्कम नाकारत नाहीत आणि अंदाजाने कोणाच्या नावेही टाकत नाहीत. रात्रीचा अनुभव ही खरी जमा झालेली रक्कम आहे. ज्याला आला त्याला खोटा म्हणू नये. पण चौकशीआधी ती परग्रहवासीयाच्या, मुंजाच्या किंवा शेजारणीच्या खात्यावर चढवू नये. परग्रहवासीयाला त्याने काही फरक पडत नाही, शेजारणीला पडतो.

घरी कोणी असे सांगितले तर

पूर्ण ऐकून घ्यावे, हसू नये. "असे होते का, तसे होते का" असे विचारून आपली उत्तरे त्याच्या तोंडी घालू नयेत. झोप किती, केव्हा, कशी, हे विचारावे. अंग अडकले आहे असे वाटले तर घाबरून झगडण्यापेक्षा पायाचे बोट हलवण्याचा प्रयत्न करावा, लवकर सुटका होते. वारंवार होत असेल, दिवसाही झोप अनावर होत असेल किंवा मन खचत असेल तर डॉक्टरांकडे जावे. शासनाची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि आपल्या भाषेतही बोलता येते.

त्या मुलाने आता रात्री दोनपर्यंत जागणे सोडले आहे, कुशीवर झोपतो. मध्यंतरी एकदा पुन्हा झाले. "आजोबा, तो उभाच होता," त्याने फोनवर सांगितले, "पण मी बोट हलवत राहिलो आणि तो गेला." आजी अजून मुंजाच म्हणते. आम्ही तिच्याशी वाद घातला नाही. एवढेच विचारले, की कोणाचे नाव तर कोणी घेतले नाही ना. नाही म्हणाली. तेवढे पुरे आहे.