दगडी वाटेवरील पिकअप गाडी व तिच्या कडेचे संरक्षण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) हे याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. राजूर, कोतूळ, घाटघर, रतनवाडी या बाजूच्या शेतवाटांवरील माती दर पावसाळ्यात वाहून जाते आणि खालचा काळा कातळ उघडा पडतो. पूर्वी या वाटांनी बैलगाडी जात असे. तिची चाके उंच, आस मोकळा आणि चाल मंद असल्याने वाटेतला दगड सहसा तिच्या आड येत नसे. आज त्याच वाटेने टोमॅटो, भाजीपाला, दूध व खतांची पोती घेऊन पिकअप गाडी ये-जा करते. वाट तीच राहिली, वाहन मात्र बदलले. या बदलातून एक नवे नुकसान शेतकऱ्यांच्या पदरी येऊ लागले आहे.

हे नुकसान कसे घडते ते पाहावे. भरलेली गाडी चाकोरीतून चालली असता एका बाजूचे चाक चाकोरीच्या कडेवरून घसरते. त्यासरशी गाडी त्या अंगावर कलते आणि दाराखालचा पत्र्याचा उंबरठा कडेच्या दगडावर टेकतो. हा उंबरठा पातळ पत्र्याचा व आतून पोकळ असतो. भरलेल्या गाडीचे वजन तीन टनांच्या आसपास असते. तो भार पत्र्यावर येताच पत्रा चेपतो, दाराची चौकट वाकडी होते आणि दार उघडेनासे होते. चॅसीलगत गेलेली ब्रेकची नळी वा इंधनाची नळी दगडाच्या तडाख्यात सापडली, तर गाडी जागीच उभी राहते. टोमॅटो तोडून झाला आहे, नारायणगावचा बाजार गाठावयाचा आहे आणि गाडी माळावर अडकली आहे, अशा वेळी पत्र्याच्या दुरुस्तीपेक्षा मालाचे नुकसान मोठे ठरते. उतारावर ब्रेकची नळी तुटल्यास प्रश्न जिवाचाच होतो.

रक्षक दांडे म्हणजे काय?

या नुकसानीवर डोंगराळ मुलखातील वाहनधारक एक उपाय योजतात. दाराखाली, पुढील चाक व हौदा यांच्या मधल्या जागेत, दोन्ही बाजूंना जाड पोलादी पाइपाचे दांडे बसवितात. यांना बाजारात ‘रॉक स्लायडर’ म्हणतात. आपण त्यांना कडेचे रक्षक दांडे म्हणू. गाडी कलली तर पत्र्याऐवजी दांडा दगडावर टेकतो आणि गाडी त्यावरून घसरत पुढे निघून जाते.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. पाय ठेवण्यासाठी मिळणारी शोभेची पायरी दिसावयास अशीच असते. परंतु ती पातळ नळीची असून तिला भार सोसत नाही. खऱ्या रक्षक दांड्याचा भार केबिनच्या पत्र्यावर न येता थेट चॅसीवर जातो. भरलेल्या गाडीचा निम्मा भार एका बाजूला आला, तर तो सुमारे दीड टन होतो. दांडा तीन ठिकाणी जोडलेला असेल, तर प्रत्येक जोडावर अर्धा टन येतो आणि गाडी आदळताना हाच भार क्षणभर कितीतरी वाढतो. म्हणून प्रत्येक बाजूस किमान तीन भक्कम जोड असलेच पाहिजेत.

आधी कायदा, मग पाना

गाडीला काही जोडण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहणे अगत्याचे आहे. प्रत्येक गाडीचा नमुना विक्रीस येण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२६ मध्ये अशा संस्था सांगितल्या असून, त्यांत नगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचाही समावेश आहे. तपासून मान्य झालेल्या नमुन्यात मालकाने आपल्या मर्जीने फेरफार करू नये, हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आशय होय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीच्या पुढे लावण्यात येणाऱ्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याविषयी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळविले होते.

यास्तव दांडे विकत घेण्यापूर्वी गाडीची नोंदणी असलेल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. ‘एमएच १७’ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हे कार्यालय श्रीरामपूर येथे, तर ‘एमएच १६’ साठी नगर येथे आहे. गाडी बनविणाऱ्या कंपनीने त्याच नमुन्यासाठी असा भाग मान्य केला आहे काय, हेही अधिकृत विक्रेत्याकडे विचारावे. विमा कंपनीस कळविण्यास विसरू नये. अन्यथा अपघातानंतर भरपाईस अडचण येऊ शकते. परवानगी मिळत नसेल, तर दांड्यांचा नाद सोडून शेवटी दिलेल्या इतर उपायांकडे वळावे.

साहित्य कसे असावे?

तयार दांडे घेतल्यास ते त्याच नमुन्याच्या गाडीसाठी बनविलेले असावेत. फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून करवून घेतल्यास पुढील मापे मार्गदर्शक ठरतील.

पाइप ४८.३ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा व ४ मिलिमीटर जाडीचा असावा. अशा पाइपाचे वजन मीटरला सुमारे ४.४ किलो भरते. पाइप काळा घ्यावा; जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाला वेल्डिंग करताना निघणारा धूर आरोग्यास घातक असतो. जोडासाठी किमान ६ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी वापरावी. बोल्ट १२ मिलिमीटरचे व ८.८ प्रतीचे असावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. नट नायलॉनची कडी असलेले घ्यावेत, म्हणजे ते हादऱ्याने सैल होत नाहीत. पाइपाची तोंडे पट्टी लावून बंद करावीत आणि पाणी साचू नये म्हणून तळाला एक लहान भोक ठेवावे.

दीड मीटर लांबीचे दोन पाइप, तीन आडवे पाय व पट्ट्या धरून एका बाजूचे वजन सुमारे २२ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंचे सुमारे ४५ किलो होते. हा भार साधारणपणे टोमॅटोच्या दोन क्रेटइतका आहे. दांडे बसविल्यावर गाडीत तेवढा माल कमी भरावा. संरक्षण लावले म्हणून भार वाढविणे हे छत्री घेतली म्हणून नदीत उतरण्यासारखे होय.

घरच्या अंगणात बसविण्याची रीत

कापणे व वेल्डिंग ही कामे कारखान्यात, दांडे गाडीपासून अलग असतानाच पुरी करून घ्यावीत. घरी केवळ बोल्टने जोडण्याचे काम ठेवावे. चॅसीला भोक पाडू नये व वेल्डिंगही करू नये. भोकाने व उष्णतेने पोलाद त्या जागी दुबळे होते, पुढे हादऱ्यांनी तडा जातो. शिवाय इंधनाच्या नळीजवळ ठिणगी उडाल्यास आगीचा धोका असतो.

१. गाडी रिकामी करून सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी व चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत. पिकअप बरीच उंच असल्याने बहुधा ती उचलावी लागत नाही. न उचलता काम होत असेल, तर तेच उत्तम. उचलावीच लागली, तर पोलादी घोड्यांवर टेकवूनच खाली शिरावे. एकट्या जॅकच्या, विटांच्या वा दगडांच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही क्षणभरसुद्धा जाऊ नये. रिकामी गाडीही दीड टनाहून जड असते आणि जॅक सरकताना पूर्वसूचना देत नाही.

२. चॅसीवरील चिखल धुऊन, वाळवून, तारेच्या ब्रशने जोडाच्या जागा साफ कराव्यात. ब्रेकची नळी, इंधनाची नळी व विजेच्या तारा कोठून जातात ते खडूने खूण करून ठेवावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत धुराड्याच्या नळीवर धूर शुद्ध करणारी यंत्रणा असते. ती फार तापते. दांड्याचा कोणताही भाग तिला चिकटता कामा नये.

३. दांडा प्रथम लाकडी ठोकळ्यांवर ठेवून नुसता जागेवर धरून पाहावा. तो व उंबरठा यांमध्ये २० ते २५ मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. केबिन रबरी गाद्यांवर बसविलेली असते व चालताना हलते. अंतर नसेल तर दांडाच पत्रा चेपील. ओळंबा सोडून, दांडा गाडीच्या मूळ रुंदीबाहेर जात नाही याची खात्री करावी. तो फार खाली लोंबला, तर गाडीची जमिनीपासूनची उंची कमी होऊन तोच दगडाला अडकेल.

४. जोडाची एक पट्टी चॅसीच्या बाहेरून व दुसरी आतून लावून, चॅसीच्या वरून व खालून जाणाऱ्या बोल्टांनी ती आवळावी. बाहेरच्या पट्टीला चॅसीच्या तळाखाली येणारा ओठ असावा. त्यामुळे खालून आलेला धक्का बोल्टवर न येता चॅसीवर जातो. चॅसी उघड्या तोंडाच्या चॅनेलची असेल, तर त्या जागी आत नेमक्या मापाचा पोलादी ठोकळा बसवावा, म्हणजे आवळताना तिच्या कडा वाकत नाहीत. नळी वा तार पट्टीखाली दबली नाही, हे बोट फिरवून पाहावे.

५. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. १२ मिलिमीटरच्या ८.८ प्रतीच्या बोल्टास सुमारे ८० न्यूटन-मीटर आवळ पुरतो. ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकास सुमारे २० किलो जोर लावला असता एवढा आवळ बसतो. तयार दांड्यांबरोबर वेगळा आकडा दिला असेल, तर तो प्रमाण मानावा.

६. दोन्ही दारे उघडून-मिटून पाहावीत. चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना, ते तपासावे. १०० किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.

निगा व मर्यादा

दांड्यांना रेड ऑक्साईडचा हात देऊन वर रंग द्यावा. पावसाळ्यात दांडा व उंबरठा यांमधील चिखल वरचेवर धुवावा. तेथे ओल धरून राहिल्यास ज्या पत्र्याचे रक्षण करावयाचे तोच गंजतो. दगडावर जोराचा आघात झाल्यास त्याच दिवशी जोड तपासावेत.

हे दांडे मागील आसाच्या मधल्या गोळ्याचे, इंजिनच्या तेलपात्राचे वा टायरचे रक्षण करीत नाहीत. शेजारून दुसरे वाहन आदळल्यास प्रवाशांचा बचाव करण्यासाठीही ते नाहीत. चालत्या गाडीच्या दांड्यावर मजुरांनी वा मुलांनी उभे राहणे सर्वथा टाळावे. तसेच जॅक लावण्यासाठी गाडीच्या माहितीपुस्तकात दाखविलेली जागाच वापरावी.

मूळ उपाय वाटेवर

रक्षक दांडा हा एका गाडीचा उपाय आहे. वाटेचा उपाय सर्व गावाचा आहे. पावसाळा संपताच चाकोरीतले सुटे दगड बाजूला काढावेत, खोल चाकोऱ्या मुरुमाने भराव्यात आणि वाटेवरून वाहणारे पाणी तिरक्या चराने कडेला काढावे. पाणी निघून गेले, तर माती टिकते आणि कातळ उघडा पडत नाही. शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना जाहीर करून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. पाणंद रस्त्यासाठी सध्या कोणते साहाय्य मिळू शकते याची चौकशी पंचायत समितीत करून, ग्रामसभेत ठराव मांडावा.

तोपर्यंत अवघड जागी एका माणसाने खाली उतरून वाट दाखवावी, भार दोन खेपांत विभागावा आणि चालकाने घाई करू नये. बाजार एखाद्या तासाने उशिरा गाठला तरी भागते. माल, गाडी आणि माणूस तिन्ही सुखरूप घरी परतणे, यातच शेतकऱ्याचे खरे हित आहे.