मृगापासून मघेपर्यंतचे ७० दिवस

गाजरगवताचे एक फूल तोडून तळहातावर घ्या. फार तर ज्वारीच्या दाण्याएवढे भरेल. डोळ्यांजवळ धरले की कडेला पाच बारीक पांढरी टोके दिसतात. कुठल्याही बांधावरचे फूल घ्या, पाचच. बी धरते ते या पाच टोकांशी. मधला भाग बी धरत नाही. म्हणजे एका फुलाच्या ५ बिया.

आणि चांगल्या वाढलेल्या एका झाडाच्या बिया १५,००० ते २५,०००. खालचा आकडा धरून ५ ने भागला तरी एका झाडावर ३,००० फुले होतात. धाराशिवहून तुळजापूरकडे जाताना श्रावणात रस्त्याच्या दोन्ही कडांना जो पांढरा पट्टा दिसतो, तो या हिशेबाने पाहिला की पोटात गोळा येतो.

हिशेब थोडा पुढे नेऊ. १५,००० पैकी ९९ टक्के बिया कुजल्या, वाहून गेल्या, करपल्या असे धरू. १ टक्काच उगवून फुलावर आल्या. पहिल्या पिढीत १५० झाडे. दुसरीत २२,५००. तिसरीत ३३ लाख ७५ हजार. चौरस मीटरला ४० झाडे धरली तर ही तिसरी पिढी साधारण ८.४ हेक्टर, म्हणजे २१ एकर व्यापते. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर आहे. म्हणजे आज बांधावर सोडून दिलेले एक झाड तिसऱ्या पिढीला सहा शेतकऱ्यांच्या जमिनीला पुरते. हा कागदावरचा हिशेब आहे. शेतात दुसरे गवत, दुष्काळ, कुळव त्याला अडवतात. पण ९९ टक्के मरूनही जे एवढे उरते, त्याच्याशी निव्वळ खुरप्याच्या जोरावर लढता येत नाही. वेळ साधावी लागते, आणि आपण चुकतो ते वेळेतच.

ओल मिळत राहिली तर या गवताच्या वर्षात चार-पाच पिढ्या होतात. धाराशिवचा सरासरी पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. कोरडवाहू रानात इतक्या पिढ्या साधत नाहीत. पण उसाचा पाट, गावाच्या गटाराची कड, विहिरीजवळची ओल अशा जागी ते बारमाही फुलते आणि पावसाळ्यासाठी बी साठवून ठेवते. मातीत गाडले गेलेले बी काही वर्षांनीही उगवते. एका वर्षीची हयगय म्हणूनच पुढची पाच-सहा वर्षे निस्तरावी लागते.

देशाच्या पातळीवर गाजरगवताखालच्या जमिनीचा अंदाज साडेतीन कोटी हेक्टरांचा आहे. आपल्या मापात सांगायचे तर अख्खा महाराष्ट्र ३ कोटी ७ लाख हेक्टरांचा. एका गवताने महाराष्ट्राहून मोठा मुलूख घेतला आहे, ४६ धाराशिव जिल्हे मावतील एवढा.

ते आले कुठून? पीएल-४८० कायद्याखालच्या अमेरिकी गव्हाबरोबर आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तो कायदा १९५४ चा आणि पुण्यात उकिरड्यांवर हे गवत दिसल्याची नोंद १९५५ ची, त्यामुळे गोष्ट पटते. पण रॉक्सबर्ग यांच्या १८१४ सालच्या कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाच्या यादीतही त्याचे नाव आहे. दोन्ही खरे असू शकते: उद्यानात ते आधी येऊन गप्प बसले असेल आणि धान्याबरोबर पुन्हा येऊन पसरले असेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची ती १९५५ चीच तारीख. त्यानंतर ते देशभर पसरले आणि ज्या पिढीने शेतात हे गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, पाहिलेच नव्हते अशी पिढी आता उरलेली नाही.

आता धाराशिवकडे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर, तालुके आठ, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६, त्यातले ८३ टक्के लोक खेड्यात. जंगल एक टक्क्यालाही पोचत नाही. बालाघाटच्या कडेला येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेले, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरकडचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालून तिथे पोचला, तेव्हा साऱ्या जिल्ह्याला त्या जंगलाची आठवण झाली.

परदेशी वनस्पतींची देशातली सर्वात मोठी मोजणी वाघांच्या गणनेबरोबरच झाली आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० राज्यांतले १ लाख ५८ हजार नमुना-तुकडे तपासले गेले. सर्वाधिक घातक अशा ११ परदेशी वनस्पती देशाच्या २२ टक्के नैसर्गिक प्रदेशात आढळल्या, आणि ६६ टक्के प्रदेशाला त्यांचा धोका आहे. त्याआधी २०२० मध्ये याच अभ्यासकांनी टणटणीचे, म्हणजे घाणेरीचे, मोजमाप दिले होते: वाघांच्या अधिवासातले १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगल, ४० टक्क्यांहून जास्त. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ अर्धे केले तर जवळजवळ हाच आकडा येतो. आणि ही टणटणी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात शोभेसाठी आणलेले झुडूप होते.

मोजणीचे हे काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, तिथले रानपण कुठे असते? ते असते माळावर, गायरानात, ओढ्याच्या काठाला, दोन शेतांमधल्या बांधावर. लांडगा, कोल्हा, चिंकारा, तितर, सगळे तिथेच राहतात. सरकारी कागदावर ती जमीन कधी ‘गायरान’ असते, कधी ‘पोटखराब’, कधी ‘पडीक’. जंगलाच्या मोजणीत ती येत नाही आणि पिकाच्या पाहणीतही येत नाही. गाजरगवत नेमके तिथेच वाढते.

त्याची झळ आधी शेळीला बसते. उस्मानाबादी शेळी ही या मातीची जात. बहुतेक काळी, दोन-दोन करडे देणारी, भूमिहीन बाईच्या घरात चार पैसे आणणारी. ती पोसली जाते ती मारवेल, पवन्या या गवतांवर आणि बोर, हिवर, बाभळीच्या पाल्यावर. कुरणात गाजरगवत दाटले की चारा ९० टक्क्यांपर्यंत घटू शकतो, पीक ४० टक्क्यांपर्यंत, असे अभ्यास सांगतात. जनावर ते आपणहून खात नाही. टंचाईत इलाज नसला की तोंड लावते, मग दुधाला कडवट चव येते. माणसाला त्याच्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने अंगाला खाज सुटते, कातडी जाड होऊन काळवंडते. परागाने शिंका आणि दमा. खुरपणाऱ्या बायकांच्या कोपरापर्यंतच्या हातांवर आणि मानेवर हे डाग दिसतात. साध्या हातमोज्यांची सोय कुणी केलेली नसते, ही गोष्ट मला या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लागते.

वेडी बाभूळ ही दुसरी घुसखोर वेगळ्या वाटेने येते. १९ व्या शतकात सरपणासाठी आणि उजाड जमीन हिरवी करण्यासाठी ती मुद्दाम लावली गेली. तिचा पाला शेळी सहसा खात नाही, शेंग मात्र गोड, ती आवडीने खाते. बी न पचता लेंडीतून बाहेर पडते, खतासकट. म्हणजे शेळीच आपल्या चाऱ्याच्या जागेत आपल्या उपयोगाचे नसलेले झाड पेरत जाते. उघड्या माळाला ‘ओसाड’ समजून त्यावर झाडे लावण्याची आपली सवय जुनी आहे. शेजारच्या सोलापुरात नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही गिरिपुष्प लावले गेले, आणि माळढोक तर उघड्या गवताचा पक्षी.

पैशांत किती? आलोक बंग आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली मांडलेला हिशेब असा: १९६० ते २०२० या ६० वर्षांत परदेशी घुसखोर जातींमुळे, वनस्पती, कीटक, डास सगळे धरून, भारताचे निदान ८.३ लाख कोटी रुपयांचे नुकसान झाले. वर्षाला सरासरी १३,८०० कोटी. यातही सुमारे ३३० घुसखोर जातींपैकी ज्यांच्या नुकसानीची नोंद सापडली त्या फक्त १०. उरलेल्यांचा खर्च शून्य आहे म्हणून नाही, कुणी लिहून ठेवला नाही म्हणून तो यात नाही. धाराशिवच्या शेतकऱ्याने गाजरगवत खुरपायला दिलेली मजुरी अशा न लिहिलेल्या खर्चातच जाते.

उपायांचा इतिहास निराशेचा नाही. घराभोवतीच्या कुंपणांवरून रानभर झालेले फड्या निवडुंग आजोबांच्या पिढीला आठवते. १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या एका पांढऱ्या कापसाळ किडीने दक्षिण भारतात त्याला काही वर्षांत आवरले. त्याच धर्तीवर १९८३ मध्ये मेक्सिकोहून गाजरगवत खाणारा भुंगा बंगळुरूला आणला गेला, १९८४ मध्ये सोडला गेला. मधल्या काळात तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठी घबराट झाली. मराठवाड्यात तेव्हा सूर्यफूल भरपूर होते, भीती समजण्यासारखी होती. पण त्याचे पोट गाजरगवतावरच भरते हे पुढे स्पष्ट झाले.

मग भुंगा असूनही पांढरा पट्टा का राहतो? पंचांग उघडा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. पहिल्या ओलीबरोबर गाजरगवत उगवते, महिना-दीड महिन्यात फुलावर येते. म्हणजे पुनर्वसू संपता संपता, पुष्यात. भुंगा उन्हाळाभर जमिनीत झोपलेला असतो, पावसाने बाहेर येतो, आधी अंडी घालतो आणि संख्येने भरतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. जी झाडे मृगाच्या ओलीवर आली, त्यांनी तोवर बी टाकलेले असते. पाऊस जितका कमी आणि तुटक, तितका भुंग्याचा हंगाम आखूड. आपल्याकडे तेच होते.

माणसांचेही तेच. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो १६ ते २२ ऑगस्टला. शाळेची मुले फलक घेऊन निघतात, गावात उपटणी होते. हेतू चांगला आहे, आणि देशासाठी एकच तारीख ठरवायची तर कुठे तरी ठरवावी लागणारच. पण १६ ऑगस्टला मघा लागते. मृगापासून तो दिवस ७० वा. त्या दिवशी धाराशिवच्या बांधावरचे झाड उपटणे म्हणजे अंगणभर बी झाडणे. ढिगात टाकले तर ढीग उगवतो. हेच झाड फुलाआधी उपटले तर खड्ड्यात त्याचे चांगले खत होते, शेताला नत्र मिळते.

कायदा सुधारलाच नाही असेही नाही. २०२२ च्या वन्यजीव संरक्षण दुरुस्तीने केंद्राला घुसखोर परदेशी जातींवर नियम करण्याचा अधिकार दिला. पण तो कायदा बांधावर पोचणार नाही. बांध दोघांचा असतो, उपटायची वेळ आली की कुणाचाच नसतो. सोयाबीनच्या ओळीत तणनाशक जाते, शेताची कड सुटते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गासारखी कामे चालू असताना उकरलेला मुरूम आणि माती गावोगाव फिरते, त्याबरोबर बीही फिरते. मोकळी, उलथलेली, गवताचे मूळ नसलेली माती हेच गाजरगवताचे खरे घर आहे. म्हणून उपटून मोकळे सोडलेले गायरान वर्षात पुन्हा पांढरे होते. उपटलेल्या जागी त्याच पावसात मारवेलचे ठोंब लावणे किंवा तरोटा फेकणे हा कामाचा निम्मा भाग आहे, आणि तोच सहसा होत नाही.

ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच आहे. सप्ताह ऑगस्टात पाळायचा तर पाळा. गावाची उपटणी मात्र आर्द्रा संपण्याआधी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात लावा. पेरणी उरकलेली असते, खुरपणीला अजून अवकाश असतो, माती ओली असल्याने मुळासकट झाड हाती येते. उपटणाऱ्या बायकांना रोजगार हमीची मजुरी द्या आणि हातमोजे द्या. त्या आठवड्यात मृगाच्या ओलीवर आलेल्या झाडावर अजून एकही फूल नसते.