छापखाना आपला, सर्व्हर कोणाचा?

दसरा झाला की धारूर तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रक-ट्रॅक्टरांत भांडीकुंडी घालून घाट उतरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. पाच-सहा महिने वस्तीत म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही पोरे एवढीच उरतात. पूर्वी गेलेल्याची खबर कळायची ती कोणी परत आला तरच. आज फडावरच्या कोपीतही फोन आहे. वजनात काटा मारला, बाई बाळंत झाली, मुकादमाने हात उगारला, सारे फोनवर कळते. म्हणूनच फोनवरचा हा चव्हाटा कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न केवळ यंत्राची हौस असणाऱ्यांचा नाही. तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे मी अनुभवाने वळलो. मी धारूरला शिक्षक होतो. आमच्या अभ्यासमंडळाने आठ वर्षे एका मोठ्या विदेशी कंपनीच्या फुकट सेवेवर एक पान चालविले. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांचे आवाज, जुन्या गायनपार्ट्यांची गाणी, आणि उचल किती, फिटली किती, मुकादमाच्या वहीत बाकी किती याचे हंगामवार हिशेब आम्ही तेथे ठेवले. एकदा एका भिंतीवर कोणी जातिवाचक शिवी लिहिली. आम्ही तिचे छायाचित्र काढले, खाली निषेधाचा मजकूर लिहिला आणि ते पानावर टाकले. दोन दिवसांनी पान बंद झाले. कारण म्हणून इंग्रजीत एक ओळ आली : आपण द्वेष पसरविण्याविरुद्धचा नियम मोडला आहे. शिवी लिहिणारा कोण आणि शिवी दाखवून देणारा कोण, हे यंत्राला कळले नाही; आणि विचारायला माणूस नव्हता. तीनदा अर्ज केला. उत्तर आले नाही. ओव्या म्हणणाऱ्या बायांपैकी दोघी तोवर वारल्या होत्या. त्यांचे आवाज आमच्याजवळ दुसरीकडे कोठेच नव्हते.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते बंद करण्यात आले. त्यांनी लावलेल्या चित्रात हिटलरच्या जर्मनीतला जमाव नाझी सलाम करीत आहे आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणारे चित्र नाझींचे ठरले! पाठोपाठ पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले, आणि ट्विटर जातीयवादी आहे असा निषेध दलित-बहुजनांनी ट्विटरवरच नोंदविला.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. या घटनेकडे आपण केसरीचा कोतेपणा म्हणून पाहतो. पण बाबासाहेबांनी त्यातून काढलेला निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या पत्रात आपल्याला जागा मिळाली तरी ती त्याच्या मर्जीची जागा असते. म्हणून पत्र आपले हवे. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ ही त्याच विचाराची पुढची पावले होत. पत्र आपले असले तरी छापणारा परका असेल तर हात बांधलेलेच राहतात. म्हणून भारतभूषण छापखाना उभा राहिला आणि तोच पुढे बुद्धभूषण झाला. दादरच्या आंबेडकर भवनातील ती वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे पाडली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. परंतु त्या वेळी आपल्या साऱ्या घोषणा, सारी छायाचित्रे, सारा संताप आपण ठेवीत होतो तो परदेशी कंपन्यांच्या कोठारात. छापखाना गेल्याचे दुःख आपल्याला झाले. नवा छापखाना आपला नाहीच, हे मात्र लक्षात आले नाही.

आजचा छापखाना म्हणजे सर्व्हर. शब्द मोठा वाटतो, वस्तू साधी आहे. रात्रंदिवस चालू असणारा आणि इंटरनेटला जोडलेला संगणक, एवढाच त्याचा अर्थ. आपण निरोप पाठवितो तेव्हा तो आपल्या फोनवरून थेट मित्राच्या फोनवर जात नाही. आधी अशा संगणकावर जातो आणि तेथून पुढे जातो. तो संगणक ज्याचा, त्याच्या हाती किल्ली. कोणाचे खाते ठेवायचे, कोणाचे बंद करायचे, कोणता मजकूर वर दाखवायचा आणि कोणता तळाशी ढकलायचा, हे तोच ठरवितो.

याला पर्याय आहे आणि तो नवा नाही. टपालाचे उदाहरण घ्या. धारूरच्या टपाल कार्यालयात टाकलेले पत्र जगातल्या बहुतेक देशांत जाते, कारण देशोदेशीच्या टपालखात्यांनी काही समान नियम मानले आहेत. इमेलही असाच चालतो. त्याच्या पत्त्यात मध्ये ‘@’ हे चिन्ह असते. त्याच्या आधी माणसाचे नाव आणि नंतर त्याच्या घराचे. घरे वेगवेगळ्या मालकांची असली तरी पत्र पोहोचते. गप्पांसाठी अशीच एक नियमावली १९९९ पासून आहे. तिला एक्सएमपीपी म्हणतात. समाजमाध्यमांसाठी ॲक्टिव्हिटीपब नावाची नियमावली जानेवारी २०१८ मध्ये सर्वमान्य झाली. जर्मनीतील ऑयगेन रोच्को या तरुणाने २०१६ मध्ये काढलेले मॅस्टोडॉन तिच्यावर चालते. मॅस्टोडॉन ही एक जागा नाही. हजारो लहानमोठी घरे आणि त्यांना जोडणारे रस्ते असे त्याचे स्वरूप आहे. आपण आपले घर बांधावे, आपले नियम करावेत आणि तरीही साऱ्या जगाशी बोलावे.

ज्या लिखाणावर हे संगणक चालतात ते खुले असते. ते कोणीही वाचावे, नकलून घ्यावे, दुरुस्त करावे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षराला शिवू दिले नाही, त्यांना या खुलेपणाचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्याविषयी भाबडे राहूनही चालणार नाही. कोट्यवधी लोक वापरतात त्या व्हॉट्सॲपची सुरुवात खुल्या एक्सएमपीपीच्या पायावरच झाली. मात्र तिथला माणूस बाहेरच्या घराशी बोलू शकणार नाही अशी भिंत घालूनच ते उभे राहिले. गूगलने २००५ मध्ये हीच नियमावली वापरून बोलण्याची सोय काढली आणि २०१३ पासून बाहेरच्यांसाठी दार लावून घेण्यास सुरुवात केली. विहीर सार्वजनिक, पाणी सर्वांचे, आणि मोठा झालेल्याने आपल्यापुरता रहाट लावून कुलूप घातले, असा हा प्रकार आहे. खुले लिखाण आपल्या विरोधकांनाही खुलेच असते. अमेरिकेतील वंशद्वेष्ट्यांच्या गॅब या जाळ्याने २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचेच लिखाण उचलले. तेव्हा बहुतेक घरांनी त्याच्याशी संबंध तोडले. तंत्र स्वतः कोणाची बाजू घेत नाही. बाजू माणसांनी घ्यावी लागते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आपले वेगळे घर म्हणजे पुन्हा गावकुसाबाहेरची वस्ती नाही काय? आणि एका घराने दुसऱ्याशी संबंध तोडणे हा बहिष्कारच नाही काय? माझे उत्तर असे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, ३ एप्रिल रोजी, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले. सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क आणि स्वतःचे पत्र या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींच्या विरुद्ध मानल्या नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या चव्हाट्यावर आपण बोललेच पाहिजे. तो हक्क सोडायचा नाही. परंतु तेथून हाकलले तर परतायला घर हवे आणि दप्तर त्या घरात हवे. राहिला बहिष्काराचा प्रश्न. जन्मावरून माणसाला तोडणे आणि शिव्या देणाऱ्याला दार न उघडणे या एकच गोष्टी नव्हेत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रागावून आपल्याकडचे अनेक लोक मॅस्टोडॉनवर गेले. बरेचजण लवकरच परतले. ओळखीची माणसे तेथे नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक विचार करण्यासारखे वाटते. आपण घर बांधले नाही, फक्त घरमालक बदलला. बहुतेकांनी दूरदेशीच्या कोणा भल्या माणसाच्या सर्व्हरवर खाते उघडले. तो भला असेल. पण जात म्हणजे काय हे त्याला आपण समजावून सांगायचे, आणि त्याने ऐकले नाही तर पुन्हा बिऱ्हाड उचलायचे!

आम्ही काय केले ते सांगतो. शहरातल्या एका संगणक-कोठारात लहानशी जागा भाड्याने घेतली. महिन्याला काहीशे रुपये लागतात. धारूरमध्येच संगणक ठेवण्याचा विचार होता, पण वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. त्या जागेवर एक्सएमपीपीची बोलण्याची सोय बसविली. फडावरच्या बाया लिहीत नाहीत, बोलतात. म्हणून आवाजाचे निरोप जातील हे आधी पाहिले. उरलेल्या गाण्यांच्या तीन प्रती केल्या : एक सर्व्हरवर, एक धारूरला, एक अंबाजोगाईला.

पहिल्याच हंगामात आम्ही तोंडावर पडलो. सारे काम संगणक शिकलेल्या एका पोराच्या हाती होते. तो परीक्षेला गेला, सर्व्हर बंद पडला आणि चार दिवस फडावरच्या चाळीस कुटुंबांचा निरोप आला नाही. किल्ली फक्त त्याच्याकडे होती. तेव्हा एक बाई मला जे बोलली ते मी विसरलो नाही : “गुरुजी, कंपनी गेली आन् तुमचा मुकादम आला, दुसरं काय?” ती बरोबर होती. आपल्या माणसाच्या हाती एकवटलेली किल्लीही किल्लीच असते. तेव्हापासून किल्ली तिघांकडे असते, त्यांत दोघी बाया असतात. दरवर्षी फडावर जाण्याआधी बैठक होते, खर्च वाचून दाखविला जातो आणि किल्लीदार बदलतात. कोणाला काढायचे तर कारण मराठीत, सर्वांसमोर, आणि त्याचे म्हणणे ऐकूनच.

याने आपण सर्वस्वी स्वतंत्र होतो असा माझा दावा नाही. जागा भाड्याची आहे, तार दुसऱ्याची आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरच्या सुरक्षेचे कारण देऊन चौदा ॲप्सवर बंदी घातली. त्यांत असे विकेंद्रित जाळे वापरणारे एलेमेंटही होते. व्हॉट्सॲपमधून फोनमध्ये शिरणाऱ्या पेगासस या हेरयंत्राचे लक्ष्य झालेल्यांत आनंद तेलतुंबडे यांचे नाव २०१९ मध्येच पुढे आले. फोनमध्येच हेर बसला तर आपला सर्व्हर काय करील? शिवाय सर्व्हर आपला म्हणजे कायद्याची नोटीसही आपल्याच दारी. हे सारे जाणूनच उतरले पाहिजे.

‘मूकनायक’ तीन वर्षांत बंद पडले. ‘बहिष्कृत भारता’चे बहुतेक रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागले आणि तेही १९२९ मध्ये थांबले. पैसा आणि हात, दोन्ही कमी पडले. आपल्या साधनांचा इतिहास हा असा आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे इतकेच : सर्व्हर लगेच काढता आला नाही तरी आजच्या आज आपल्या गटातली गाणी, हिशेब, छायाचित्रे उतरवून दोन ठिकाणी ठेवा. विद्यार्थ्यांनी हे तंत्र शिकावे, आणि शिकल्यावर दुसऱ्या दोघांना शिकवावे. त्यांत एक तरी मुलगी असावी. आमच्या वारलेल्या दोन बायांच्या ओव्या परत येणार नाहीत. त्यांच्याबरोबरीची एक म्हातारी अजून आहे. या हंगामात तिची नात फडावर गेली नाही. रोज संध्याकाळी ती आजीसमोर फोन धरून बसते.