वीस गुंठ्यांचा जमाखर्च

मुलांनो, पावसाळ्यात तुम्ही लोणावळ्याला नक्की आला असाल. भुशी धरणावर भिजलात, चिक्की घेतलीत, टपरीवर वाफाळता चहाही प्यायलात! त्याच चहावरून आमच्या पाचवीच्या वर्गात एका मुलाने मला कोड्यात टाकलं.

"बाई, आपल्याकडे डोंगर आहेत, पाऊसही धो धो पडतो. मग भाताऐवजी चहा का नाही लावत? भातात काही उरत नाही, असं आमचे आप्पा म्हणतात."

पाऊस म्हणाल तर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळा होतो. चहाच्या झुडपाला पाणी थोडं थोडं, पण वर्षभर लागतं. शिवाय मुळाशी साचलेलं चालत नाही. आपले डोंगर तर दिवाळीनंतर पिवळे पडू लागतात.

बरं, पाणी देऊन जगवलाच समजा, तरी पहिली तोडणी साधारण तिसऱ्या वर्षी. तोवर नुसता खर्च! पुढे दर आठ-दहा दिवसांनी दोन पानं आणि एक कळी खुडायची. चार-साडेचार किलो ओला पाला, तेव्हा कुठे एक किलो चहा. पाला त्याच दिवशी कारखान्यात पोचला पाहिजे, नाहीतर खराब होतो. आसामात आणि निलगिरीत असे पुष्कळ छोटे शेतकरी आहेत. देशातला निम्म्याच्या आसपास चहा त्यांच्याच शेतातला. पण पाला घरात ठेवून चांगल्या भावाची वाट पाहता येत नाही, म्हणून ते कारखान्याच्या भावात अडकतात. भात मात्र कणगीत थांबतं.

"मग भाताचाच हिशेब मांडू या," मी म्हटलं.

आपल्या मावळात पिकतो तो इंद्रायणी. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि 1987 साली शेतकऱ्यांना मिळाला. आंबेमोहोर 157 चा वास आणि आय. आर. 8 चं भरघोस उत्पन्न, असा त्या दोघांचा संकर. चांगलं साधलं तर हेक्टरी 45 क्विंटल भात होतं. वीस गुंठे म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा. म्हणजे 9 क्विंटल.

2025-26 सालासाठी सरकारने साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरवला. तो ठरवताना देशभराचा सरासरी खर्च 1,579 रुपये धरला होता. करा गुणाकार! उत्पन्न 21,321, खर्च 14,211, शिल्लक 7,110 रुपये. चार-साडेचार महिने चिखलात राबून एवढंच. आप्पांचं म्हणणं खरं वाटायला लागलं ना?

मी मुलांना घरून खरा खर्च विचारून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका मुलीच्या पानावर थांबले. नांगरट, खत, औषध, मळणी, सगळ्यांपुढे आकडे होते. शेवटी लिहिलं होतं: "लावणी, बेणणी, कापणी – आई, आजी, मी: 0."

"शून्य का गं?"

"घरचीच माणसं आहेत ना, बाई."

मी तिला सरकारी हिशेबाचा तो 1,579 चा आकडा पुन्हा दाखवला. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली असते. सरकार तुझ्या आईची मजुरी मोजतं आणि तू नाहीस? वर्ग हसला, पण ती हसली नाही. मग कुणीतरी इर्जिकीची आठवण काढली. आज सगळ्यांनी माझ्या शेतावर, उद्या मी त्यांच्या. पैसा लागत नाही, पण ते दिवस फेडावेच लागतात. तेही वहीत चढले.

जमेच्या बाजूलाही एक चूक सापडली. 9 क्विंटल भात भरडलं की साधारण 585 किलो तांदूळ निघतो. पाच माणसांच्या घराला रोज एक किलो म्हणजे 365 किलो घरातच खपतो. तो दुकानातून 60 रुपये किलोने आणावा लागला असता तर? 21,900 रुपये! हमीभावाने सगळं भात विकून येतात त्याहून जास्त. वर दोनशेवीस किलो हातात, गुरांना पेंढा, आणि ओल टिकली तर हरभरा किंवा वाल. चारसूत्री पद्धतीने अंतर राखून चुडात दोन-तीनच रोपं लावली तर बियाणंही वाचतं. आमच्याकडे अजून मुठीने रोपं कोंबणारे आहेत, काय सांगायचं!

तरीही 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि त्यानंतर इथल्या जमिनीला जो भाव आला, त्यापुढे हा हिशेब तोकडा पडतो. बंगल्यासाठी जागा शोधणारी माणसं बांधापर्यंत येतात. त्या मुलीच्या घरीही आली होती. तिचे काका विकायचं म्हणतात, वडील अजून गप्प आहेत.

त्या दिवशी तिने शून्य खोडलं. आई बारा दिवस, आजी नऊ, आणि स्वतःचे शाळा बुडवून चार दिवस, असं लिहून प्रत्येकापुढे मजुरी मांडली. वही घरी न्यायची परवानगी मागितली.

"कुणाला दाखवणार?"

"आधी आईला," ती म्हणाली, "मग काकांना."