वादळाआधीची परीक्षा

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी समारंभपूर्वक अनावरण झालेला शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. समारंभाच्या दिवशी उभे राहणे ही बांधकामाची परीक्षा नव्हे, हा धडा सिंधुदुर्गाने तेव्हा घेतला. शासकीय नोंदींच्या नव्या बांधकामालाही तो लागू करण्याची वेळ आली आहे.

२०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांसाठी ब्लॉकचेनचा अवलंब करण्यात आला. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, खाडाखोड न होणारी नोंदवही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे त्या वहीवर आपोआप अंमलात येणारे करारपत्र. बनावट दाखल्यांना आळा घालण्यास ही व्यवस्था उपकारक आहे. तथापि करारपत्रातच चूक राहिली, तर तीही तितकीच अढळ होऊन बसते. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या सामाईक निधीतून ३६ लाख ईथर काढले गेले, ते शिल्लक कमी करण्यापूर्वीच रक्कम देण्याचा क्रम त्यात असल्यामुळे. पुन:पुन्हा मागणी करणाऱ्यास यंत्र देतच राहिले.

अशा चुका हुडकण्याची रीत म्हणजे फझ टेस्टिंग. तिचा जन्मही वादळातलाच. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रा. बार्टन मिलर यांना आढळले, की वादळी पावसाने दूरध्वनीच्या तारेत खरखर होऊन निरर्थक अक्षरे संगणकात शिरतात आणि प्रोग्रॅम बंद पडतात. विद्यार्थ्यांकरवी मुद्दाम तशीच अक्षरे पाठविली, तेव्हा तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी सुमारे चतुर्थांश कोलमडले. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या बाबतीत ‘जमा रकमेहून अधिक कोणासही काढता येऊ नये’ असा नियम सांगायचा. मग यंत्र असंख्य वेडेवाकडे व्यवहार करून तो मोडू पाहते. एकिडना, फाउंड्री ही त्यासाठीची साधने विनामूल्य आहेत. म्हणजे खर्चाची सबबही उरत नाही.

या परीक्षेलाही मर्यादा आहेत. जो नियम सांगितलाच नाही, त्याचा भंग यंत्रास दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन गेले, ते सह्यांच्या पातळीवरील फसवणुकीतून. तेथे निव्वळ करारपत्राची तपासणी पुरेशी ठरली नसती.

म्हणून शासनाने अशी नोंदवही उघडण्यापूर्वी कोणते नियम तपासले व काय आढळले, याचा अहवाल प्रसिद्ध करावा आणि चूक दुरुस्त करण्याची वाट तहसील कचेरीत खुली ठेवावी. दाखला अडला की प्रवेश हुकतो तो विद्यार्थ्याचा, आणि जाब विचारला जातो तो खिडकीवरच्या कारकुनाला.