बाळ दूध टाकतं म्हणून डबा बदलावा काय?



बेणे, खते, पाणीपाळी यांवर आपण या पानावर नेहमी बोलतो. आज थोडे पाळण्यातल्या बाळाविषयी. दूध पिऊन झाले की बाळ गुळणी टाकते, आजीचा पदर भिजतो, आणि कोणीतरी सांगते, "यावर शहरात खास डबा मिळतो." उसाचे बिल नुकतेच जमा झालेले असते. डबा घरात येतो, आणि पुष्कळदा त्याच दिवसापासून आईचे दूध मागे पडते. म्हणून हे लिहिणे.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो. वर चढलेले पाणी तो परत खाली येऊ देत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथेही स्नायूंचे असेच एक कडे असते. तान्ह्या बाळात ते अजून कच्चे असते. त्यात आहार सगळा पातळ, आणि बाळ दिवसभर आडवे. मग दूध वर येणारच! तीन-चार महिन्यांची साधारण निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. बाळ बसू लागले की हे कमी होते आणि वर्षाच्या आत बहुतेकांचे थांबते. वजन वाढतंय, बाळ खेळतंय, तर तो आजार नव्हे. धुणे तेवढे वाढते.

आता तो डबा. त्यावर 'एआर' अशी अक्षरे असतात. बाळाच्या दुधाच्या पावडरीत तांदूळ, मका किंवा बटाट्याचा स्टार्च, नाहीतर कॅरोब या भूमध्य समुद्राकाठच्या झाडाच्या बियांचा डिंक घातलेला असतो. दूध दाट होते, म्हणून कमी उलटते. हे खरे आहे, खोटे कशाला सांगा? पण कमी होते ते तोंडातून बाहेर पडणारे दूध. जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढायचे ते फारसे कमी होत नाही. तेव्हा बाळ आधीपासूनच वरच्या दुधावर असेल, फार टाकत असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल, तरच हा डबा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडून तो देणे म्हणजे निव्वळ तोटा. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला आणि फुकट नमुने वाटायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. तोडणी मजुरांच्या कोपीवर तर स्वच्छ पाण्याचीच मारामार. तिथे बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण.

घरच्या घरी दुधात तांदळाची पिठी कालवणे, बाटलीचे बूच कापून भोक मोठे करणे, हे प्रकार करू नयेत. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला दाट करणारे कोणतेही द्रव्य डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. आतड्याला इजा होऊ शकते.

त्याआधी बिनपैशाचे उपाय करून पाहा. बाटलीवरच्या बाळाला एका वेळी थोडे आणि जास्त वेळा पाजावे. मध्येच ढेकर काढावी. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे खांद्याशी उभे धरावे, लगेच झोळीत टाकू नये. झोपवताना मात्र पाठीवरच, उशीशिवाय. उलटी घशात अडकेल म्हणून पालथे घालतात, ते चुकीचे आणि धोक्याचे आहे.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, महिनाभराचे बाळ प्रत्येक पाजणीनंतर पिचकारीसारखी जोरात उलटी करत असेल, वजन अडले असेल, लघवी कमी झाली असेल, ताप असेल, टाळू फुगलेली दिसत असेल किंवा पोट टणक लागत असेल, तर तोड चालू असली तरी ट्रॅक्टर थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हिरव्या उलटीला तर रात्र उजाडायचीही वाट पाहू नये. बाळाचे वजनाचे कार्ड आणि जे दूध देताय त्याचा डबा बरोबर न्यावा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.