रेडिएटरचं झाकण बदललं, पण नेमकं काय बदललं?

आमच्या गाइड सरांचा एक ठरलेला प्रश्न आहे: "बदल केलास, पण त्यामुळे कोणती राशी बदलली?" या प्रश्नाचं महत्त्व मला काकांच्या जुन्या गाडीमुळे कळलं.

ही गाडी खंबाटकी घाटात चढावर तापायची. कूलंट उकळून शेजारच्या बाटलीत यायचं. कुणीतरी सल्ला दिला, "०.९ बारचं झाकण काढा, १.१ बारचं बसवा." काकांनी बसवलं. उकळणं थांबलं आणि सगळे खूश!

आता जरा विचार करा. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, अगदी आपल्या प्रेशर कुकरसारखं. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली ते सुमारे ११९ अंशांना उकळेल आणि १.१ बारला सुमारे १२२. म्हणजे फायदा जेमतेम तीन अंशांचा. कूलंटमध्ये ग्लायकॉल असेल तर हे आकडे आणखी वर जातात, पण फरक साधारण तेवढाच राहतो.

आणि इंजिनाचं तापमान? रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातला फरक, दोघांचा प्रवाह आणि रेडिएटरची स्वच्छता यांवर ठरतं. या यादीत झाकण कुठेच नाही! इंजिनाच्या गरम भागांजवळ वाफेचे बुडबुडे कमी होतात, हा दाबाचा खरा उपयोग. पण कूलंट उकळत नाही याचा अर्थ गाडी थंड झाली असा होत नाही.

काकांच्या गाडीचा काटा पूर्वीइतकाच वर जात होता, फक्त बाटलीत पाणी येत नसल्यामुळे कुणी तिकडे बघेना. महिनाभरात जुना रबरी होज वाढलेल्या दाबाने फुटला, तोही ऐन घाटात. नंतर रेडिएटर उघडला तर बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी निम्म्या नळ्या बंद झालेल्या. तो साफ केला, होज नवा टाकला, झाकण परत ०.९ बारचं लावलं. गाडी आता घाट निवांत चढते.

बाटलीत येणारं पाणी ही तक्रार नव्हती, ती सूचना होती. आपण ती बंद केली आणि त्यालाच उपाय समजलो.

तुमच्या प्रयोगातही असंच होतं. ग्राफमधला नॉइज फिल्टरने गेला, पण सैल वायर तशीच राहिली. म्हणून कोणताही बदल करण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: यामुळे कोणती राशी बदलेल आणि ती मी कशाने मोजणार? दुसऱ्या ओळीचं उत्तर सुचत नसेल, तर बदल करायची घाई करू नका.

आणि हो, इंजिन गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका. दाब एकदम उतरला की शंभर अंशांवरचं पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं.